पाठपुराव्याचा पगार कोण देणार?

महोदय,

मार्च उजाडला की कोषागारात बिले काढून घेण्याची झुंबड उडते. त्याच पंधरवड्यात सामाजिक संस्थांची देणगीची पत्रकेही घरी येऊ लागतात. वह्यावाटप, नेत्रशिबिर, बंधारा, अन्नछत्र यांना मराठी माणूस सढळ हाताने देतो, आणि द्यावेच. पण गावातल्या एकाच रस्त्याचे बिल दोनदा निघाले का, हे शोधणाऱ्याची पाठ तो थोपटतो, खिशात हात घालत नाही. आम्ही काही जण सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासतो, काही जण स्थानिक कामांच्या फायली पाहतो. या कामाला पैसा कुठे लागतो, तो कोणाकडून घ्यावा आणि कोणाकडून घेऊ नये, याबद्दल हे पत्र.

'माहिती अधिकाराला दहा रुपयांचा स्टँप पुरतो, मग निधी कशाला?' हा नेहमीचा प्रश्न. अर्जाला दहा रुपयेच लागतात, हे खरे. प्रतीचे पानाला दोन रुपये, आपल्या राज्यात अपिलाला वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप. तीस दिवसांत माहिती दिली नाही तर पुढे ती फुकट द्यावी लागते. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसवायचा, हा २०१२ पासूनचा नियम सांभाळला नाही तर तो परत येतो. शिवाय राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कागद नुसते पाहता येतात. म्हणजे कागदापर्यंत पोचणे स्वस्त आहे. खर्च सुरू होतो तो कागद हातात आल्यावर.

एक साधा रस्ता घ्या. साखळी क्रमांक (सुरुवातीपासूनचे अंतर) ०/०० ते ०/५००, रुंदी तीन मीटर, काँक्रीटची जाडी पंधरा सेंटिमीटर. फाइलमध्ये प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, गुणनियंत्रणाचे अहवाल, देयक आणि पूर्णत्वाचा दाखला असायला हवा. मोजमाप पुस्तकात २२५ घनमीटर काँक्रीट लिहिलेले असेल. प्रत्यक्षात मधली जाडी दहा सेंटिमीटर भरली तर ७५ घनमीटर कागदावरच राहिले. घनमीटरला सहा हजार रुपये धरले तरी साडेचार लाख.

आता ही जाडी सिद्ध कशी करायची? हौशी कार्यकर्ता रस्त्याच्या कडेला टेप लावतो आणि तिथेच फसतो. कडेला पंधरा सेंटिमीटरची फळी लावलेली असते, त्यामुळे कड भरतेच. खालचा मुरूम मध्यभागी उंच ठेवलेला असतो, म्हणून तिथे काँक्रीट पातळ. त्यासाठी मधून कोअर, म्हणजे काँक्रीटचा आरपार गोल नमुना, काढावा लागतो, आणि तो स्वतःहून काढला तर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार आपल्यावरच होते. म्हणून उपअभियंत्याकडे संयुक्त पाहणीची लेखी मागणी करायची, पंचनाम्यात साखळी क्रमांक लिहून घ्यायचा आणि नमुना सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा. प्रयोगशाळेची फी, तिथपर्यंतची गाडी आणि मोजमाप पुस्तक वाचू शकणारा एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, ही तिन्ही पैशाची कामे. अभियंत्याविना केलेली तक्रार 'सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नाही' या एका ओळीत निकाली निघते.

रस्ता डांबरी असेल तर डांबर पुरवठ्याची चलने मागवावीत आणि शेजारच्या दोन-तीन कामांच्या चलनांशी क्रमांक जुळवून पाहावेत. एकच चलन दोन बिलांना जोडलेले सापडते ते इथेच. गौण खनिजाच्या वाहतूक पासांवरचे गाडी नंबरही तपासावेत. बिहारच्या चारा घोटाळ्यात स्कूटरवरून जनावरे वाहिल्याची बिले निघाली होती, आणि ती युक्ती अजून जुनी झालेली नाही. याहून मोठी मेख लेखाशीर्षांत, म्हणजे निधीच्या क्रमांक दिलेल्या सरकारी खात्यांत, असते. तोच पाचशे मीटरचा तुकडा ३०५४ मध्ये जिल्हा परिषदेकडून, २५१५ मध्ये आमदारांनी सुचवलेले काम म्हणून आणि वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीकडून, अशा तीन नावांनी बसू शकतो. एकदा 'मारुती मंदिर ते स्मशानभूमी', एकदा 'अंतर्गत रस्ता वॉर्ड क्र. २', एकदा 'जि. प. शाळेकडे जाणारा रस्ता'. तिन्ही याद्या तीन कार्यालयांत असतात. त्या एका टेबलावर आणून नकाशावर बसवणे हे एका माणसाचे महिनाभराचे काम, आणि ते नोकरी सांभाळून रविवारी होत नाही.

'फाइल सापडत नाही' हे उत्तर आले तर बहुतेक जण अपिलात जातात. त्याबरोबरच महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली गुन्हा नोंदवण्याची मागणी करावी. अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. ही मागणी लेखी गेली की पुष्कळदा फाइल सापडते.

चोरी सापडली म्हणजे काम संपले, असा देणगीदारांचा समज असतो. कसोटी त्यापुढेच लागते. माहितीसाठी प्रथम अपील तीस दिवसांत करायचे, त्यावर तीस ते पंचेचाळीस दिवसांत निर्णय, मग नव्वद दिवसांच्या आत द्वितीय अपील. आणि ते किती दिवसांत निकाली काढायचे याला मात्र कायद्यात मुदतच नाही. राज्य माहिती आयोगाकडची प्रलंबित प्रकरणे गेल्या काही वर्षांत एक लाखाच्या वर गेली होती. इकडे घड्याळ चालूच असते. ठेकेदाराची अनामत रक्कम दोषदायित्व कालावधी (कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपला की परत जाते; वसुलीची सोपी जागा तीच, तीही निसटते. निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ त्याहून बोचरा आहे. कर्मचारी एकदा निवृत्त झाला की चार वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल त्याच्यावर नव्याने विभागीय चौकशी सुरूच करता येत नाही. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला अधिकारी म्हणूनच शांतपणे तारखा घेतो. तक्रारीच्या नोंदवहीत घटनेची तारीख आणि संबंधित अधिकाऱ्याच्या निवृत्तीची तारीख असे दोन रकाने ठेवले नाहीत, तर चांगली तक्रारही मुदतीत मरते.

फौजदारीकडे वळावे तर लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली १७अ हे कलम आले. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी करायलाही सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात द्यायची आहे. पुढे खटल्यासाठी कलम १९ ची मंजुरी वेगळीच. लाच घेताना जागेवर अटक झाली तर १७अ लागत नाही. परिणाम काय होतो पाहा: पाच हजार घेणारा सापळ्यात सापडतो, त्याचा फोटो छापून येतो, आणि मोजमाप पुस्तकावर सही करून साडेचार लाख जिरवणाऱ्याची फाइल परवानगीच्या टेबलावर बसून राहते. ती हलवायची तर दर महिन्याला स्मरणपत्र, मुदत टळली की उच्च न्यायालयात रिट, आणि त्याला वकील.

देणाऱ्यांची मोठी चूक मुदतीची आहे. अनुदाने एक वर्षाची असतात, प्रकरणे सहा-सात वर्षांची. निवडणूक रोख्यांविरुद्ध असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स आणि कॉमन कॉज यांनी २०१७ मध्ये याचिका केली, निकाल १५ फेब्रुवारी २०२४ ला लागला. मधल्या सहा वर्षांत 'यंदा काय साध्य झाले' या रकान्यात लिहायला फारसे काही नव्हते. वार्षिक अहवालात फोटो मागणाऱ्या देणगीदाराच्या पैशावर अशी याचिका टिकली नसती.

एका तालुक्यात वर्षभर नीट काम करायला किती लागते, याचा आमचा अंदाज असा आहे. दोन पूर्णवेळ कार्यकर्ते, महिना वीस हजार प्रमाणे चार लाख ऐंशी हजार. अभियंत्याचे महिन्यातले आठ दिवस, दिवसाला दोन हजार, एक लाख ब्याण्णव हजार. पेट्रोल-प्रवास बहात्तर हजार, अर्ज-प्रती-टपाल अठ्ठेचाळीस हजार, जागाभाडे, वीज आणि नेट साठ हजार, हिशेब व लेखापरीक्षण चाळीस हजार, वकील व न्यायालयासाठी दीड लाख. बेरीज १० लाख ४२ हजार. तालुक्यातल्या तीनशे माणसांनी महिना तीनशे रुपये दिले तर १० लाख ८० हजार होतात. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेली मुले मिळून तीनशे माणसे कुठल्याही तालुक्यात निघतात. एकाच मोठ्या दात्याने दिलेले अकरा लाख आणि तीनशे जणांचे अकरा लाख यांत फरक आहे. पहिला दाता एका फोनवर थांबवता येतो.

यूपीआयवर दरमहा आपोआप वळती होण्याची सोय आता आहे, तरी तीनशेचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही. कोणी बँक बदलतो, कोणाच्या खात्यात त्या दिवशी शिल्लक नसते. म्हणून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला चुकलेल्यांना फोन करणे हे एका व्यक्तीचे ठरलेले काम असावे. करसवलतीच्या आमिषावर फार विसंबू नये. नव्या करप्रणालीत देणगीवरची (८०जी ची) वजावटच मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. 'नाव नको' म्हणणाऱ्या दात्यांची अडचण खरी आहे, कारण ठेकेदार गावातलाच असतो. पण निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यावर तीस टक्के कर बसतो. नाव-पत्ता नोंदवावाच, जाहीर फलकावर मात्र लावू नये. कायद्याला नोंद हवी असते, फलक नको.

पैशाचे उरलेले स्रोत थोडक्यात पाहू. परदेशी निधी तालुक्याच्या गटाने विसरावा. परदेशी योगदान (विनियमन) कायद्याखालच्या नोंदणीसाठी तीन वर्षांचे काम आणि तेवढ्यात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, खाते दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेतच उघडावे लागते, प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून मोठ्या संस्थेने घेतलेला परदेशी पैसा लहान संस्थेला पुढे देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. याच कायद्यात राजकीय पक्षांची मात्र सोय झाली: दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली भाजप आणि काँग्रेस या दोघांनी कायदा मोडल्याचे म्हटल्यावर सरकारने 'परदेशी स्रोत' याची व्याख्याच बदलली, आणि २०१८ मध्ये तो बदल थेट ऑगस्ट १९७६ पासून लागू केला. असो. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी मात्र एक खुलासा हवा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेल्याची धरली जाते, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचे) कार्ड असले तरी. न्यू जर्सीच्या मामांचे शंभर डॉलर साध्या खात्यात घेऊन न्यास अडचणीत येतो तो इथे. देणगी घेण्याआधी पासपोर्ट कुठला, हे विचारण्यात संकोच नको.

कंपन्यांच्या सीएसआरकडूनही (सामाजिक दायित्वाच्या निधीकडूनही) आशा धरू नये. नफ्यातले दोन टक्के कुठे खर्चायचे त्या कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, ग्रामीण विकास, पंतप्रधानांचा निधी आहे. सरकारला जाब विचारणे नाही. 'ग्रामीण विकासा'त ओढूनताणून बसवता येईलही, पण ज्या कंपनीला उद्या वीजजोड, पाणीपरवाना आणि भूखंड त्याच कार्यालयातून हवा आहे, ती त्याच कार्यालयाच्या चौकशीला पैसे का देईल?

सरकारी पैसा हा जास्त गुंतागुंतीचा विषय, कारण त्यातून चांगली कामेही झाली आहेत. मनरेगाच्या सामाजिक अंकेक्षणाला (कामांची आणि हिशेबांची लोकांसमोर तपासणी) राज्याच्या त्या योजनेवरील खर्चाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत रक्कम केंद्राने द्यायची, अशी सोय झाली. एकत्रित आंध्र प्रदेशात २००६ पासून अशी अंकेक्षणे झाली आणि २००९ मध्ये त्यासाठी वेगळी सोसायटी उभी राहिली. आपल्याकडे २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत संस्थांनी गावोगाव प्रगतिपत्रके भरली, प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जनसुनवाया घेतल्या. डॉक्टर हजर नसणे, बाहेरून औषध आणायला लावणे, हे लोक अधिकाऱ्यांसमोर बोलले. दोन्हीकडे दुखणे एकच: ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातात नळ. निधी वार्षिक आराखड्यातून मंजूर व्हायचा, हप्ता उशिरा आला की प्रशिक्षित गावकार्यकर्ते दुसऱ्या कामाला लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकवणे आले. शिवाय अंकेक्षणाने काढलेल्या रकमेची वसुली अंकेक्षण करणाऱ्याच्या हातात नसते, ती त्याच खात्याकडे असते. ती तोकडीच होते.

मेघालयाने २०१७ साली सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, तसा महाराष्ट्राने करावा. त्यात या कामाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित ठेवावा, म्हणजे उच्च न्यायालयाच्या प्रशासकीय खर्चासारखा. त्यावर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. खात्याच्या सचिवाला मग तो अडवता येत नाही. हा पैसा अंकेक्षणासाठी. तक्रार करणाऱ्या, न्यायालयात जाणाऱ्या संस्थांनी मात्र सरकारी रुपयाला हात लावू नये. राजस्थानच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने देणग्यांवर आणि साधेपणावर गुजराण केली, आणि माहिती अधिकाराचा कायदा देशाला मिळण्यात तिचा मोठा वाटा आहे.

आता संस्थांबद्दल, कारण देणगीदारांची खरी शंका इथेच असते. 'माहिती अधिकाराचे दुकान' थाटणारे आहेत. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला बोलवायचे, मांडवली करायची. त्यांच्यामुळे प्रामाणिक कार्यकर्त्यावरही खंडणीचा गुन्हा टाकणे सोपे होते, किंवा कार्यालयात आवाज चढला म्हणून सरकारी नोकरावर हल्ल्याचे कलम, पूर्वीचे ३५३, आताचे भारतीय न्याय संहितेतले १३२, लावले जाते. म्हणून पैसे देण्याआधी संस्थेकडे काही गोष्टी मागाव्यात. तक्रारींची नोंदवही सर्वांना पाहता येते का. दाखल तक्रार मागे घ्यायची तर विश्वस्त मंडळाचा कारणांसह ठराव होतो का. चालू निविदा असलेल्या ठेकेदाराकडून, बिल्डरकडून आणि निवडणुकीच्या वर्षात कोणत्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्याकडून देणगी नाकारण्याचा लेखी नियम आहे का. ठेकेदाराला एकट्याने भेटायचे नाही, भेटलेच तर कार्यालयात, दोघांनी, नोंद करून, ही शिस्त आहे का.

न्यासाची स्वतःची कागदपत्रे स्वच्छ असावी लागतात, कारण पहिला हल्ला तिथेच होतो. विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो राहिला की सात वर्षांपूर्वी गेलेल्या विश्वस्ताचे नाव न्यासाच्या नोंदणीच्या परिशिष्टावर तसेच असते, बँक सह्या बदलून देत नाही, आणि ठेकेदाराचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो की ही तक्रार करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. वकिलीसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही अशीच अडकते. वर्षाच्या उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के त्याच वर्षी खर्च करायचे असतात. पंधरा टक्क्यांहून जास्त मागे ठेवायचे तर हेतू नमूद करून ठराव करावा लागतो आणि विहित नमुना मुदतीत भरावा लागतो. मग पाच वर्षांपर्यंत ती रक्कम ठेवता येते. नमुना भरला नाही तर लढाईसाठी साठवलेल्या पैशावर कर भरावा लागतो.

संरक्षणाचा खर्च आमच्या वरच्या अंदाजात धरलेला नाही. तळेगाव दाभाडे येथे जानेवारी २०१० मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, राष्ट्रपतींची सही झाली, तो लागू मात्र झालेला नाही. तोवर संस्थांनी निदान एवढे करावे: अर्ज एकाच माणसाच्या नावाने टाकू नयेत, आठ-दहा जणांनी वाटून टाकावेत, मिळालेले प्रत्येक पान त्याच दिवशी स्कॅन करून तालुक्याबाहेरच्या तिघांकडे ठेवावे, कार्यकर्त्याचा अपघात विमा आणि कुटुंबाला सहा महिन्यांचा पगार यांची तरतूद असावी. तिला साठ-सत्तर हजार जास्त लागतील. तीनशे देणाऱ्यांच्या यादीत आणखी वीस जण आले की ते निघतात.

– न्यासांचे हिशेब आणि स्थानिक कामांच्या फायली पाहणारे काही वाचक, सातारा